शांतव्वांची कॅसेट आणि तबकडी रूपांतरण सहकारी संस्था (नियोजित)

आमच्या दोड्डव्वाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटचं तबकडीवर रूपांतर घरच्या घरी यशस्वीरीत्या पूर्ण झालं. चित्र स्वच्छ आलं, आवाज खणखणीत आला, आणि बटण दाबलं की पडद्यावरचा माणूस जागच्या जागी, न थरथरता, थांबून राहतो हेही उपस्थितांनी समक्ष पाहिलं. सर्वांनी नोंद घ्यावी.

नोंद घेऊन झाली असल्यास ती खोडावी. असं काहीही घडलेलं नाही. विषयपत्रिकेत शेवटी असलेला विषय सुरुवातीला घेणं नियमबाह्य आहे, असं आमच्या अध्यक्षांचं मत पडलं. सबब वरचा परिच्छेद वाचकांनी वाचलेलाच नाही असं धरून आपण रीतसर सुरुवात करू.

दोड्डव्वा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. नाव शांतव्वा, मुक्काम कसबा बावडा. आमच्या घराण्यात नाती कानडीत आणि भांडणं मराठीत चालतात, म्हणून ती दोड्डव्वा आणि चुलते दोड्डप्पा. दोड्डप्पांचं नाव चनबसाप्पा. ते गुळाच्या पेठेत दलाल होते. जुन्या पद्धतीच्या सौद्यात दोघं जण रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. तोंड उघडायची पद्धत नव्हती. दोड्डप्पांनी हीच पद्धत घरी चालू ठेवली. चहा पाहिजे असला की पेला सुलटा, नको असला की उलटा. संसारभरात ते दोड्डव्वाशी जेवढं बोलले तेवढं एका पोस्टकार्डावर, पत्त्यासकट, मावलं असतं.

अशा माणसानं चौऱ्याण्णव साली, दानेश्वरीच्या म्हणजे स्वतःच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत तुपाचं भांडं हातात घेऊन थांबावं, मान वर करावी आणि समोर उभ्या दोड्डव्वाकडं बघून एक अख्खं वाक्य बोलावं, ही घटना आमच्या घरात ग्रहणाइतकी दुर्मीळ होती. आणि नेमका त्याच वेळी बँडवाल्यांना जोर चढला. वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. पाहुणे गेले की विचारू, असं दोड्डव्वानं ठरवलं. पाहुणे जायच्या आत रुखवताची भांडी हरवली. भांडी सापडेपर्यंत श्रावण आला. श्रावण झाल्यावर विचारणं बरं दिसेना, आणि पुढच्या वर्षी दोड्डप्पाच गेले.

लग्नाचं चित्रण मात्र झालं होतं. दोड्डव्वा दर दिवाळीला ती कॅसेट लावायची, पंगतीपर्यंत पुढं पळवायची आणि दोड्डप्पांच्या ओठांकडं बघत बसायची. काही वर्षांच्या अभ्यासानंतर पहिला शब्द ‘शांता’ आहे यावर तिचं तिच्याशी एकमत झालं. दुसरा ‘तू’. तिसऱ्या शब्दाला अडचण होती. व्हीसीआर थांबवला की चित्र थरथरायचं आणि एक पांढरी रेघ बरोब्बर दोड्डप्पांच्या तोंडावर येऊन बसायची. कोरी करकरीत नोट फिरवून हेड पुसून झालं, देवाचा अंगारा लावून झाला, आणि शेवटी व्हीसीआरच बंद पडला. वर कॅसेटीला बुरशी धरायला लागली. तिच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरं पांढरं दिसायचं.

“अव्वा, त्येची तबकडी करूया की,” अमरेश म्हणाला. अमरेश हा दोड्डव्वाचा मुलगा, खताचं दुकान चालवतो. “तबकडी थांबवली की हालत न्हाय. एकेक चित्र पुढं सरकवायचं. ओठ कुटं मिटला, कुटं उघडला, सगळं निवांत बघ.”

“मग कर की,” दोड्डव्वा म्हणाली. “मला सगळं लगीन नको. त्यांचं तेवढं एक वाक्य काढून दे. किती येळ लागंल?”

“आठवडाभर धर.”

हे दोन हजार पाच सालच्या चैत्रातलं बोलणं.

अमरेश मुनव्वरकडं गेला. मुनव्वरनंच ते लग्न खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपलं होतं. आता त्याचं मेन रोडला कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं स्टूल पुढं केलं आणि सांगितलं की घरी तबकडी करायच्या तीन पद्धती आहेत.

“एक, कॉम्प्युटरात कार्ड बशिवायचं. व्हीसीआरची लाल, पांढरी, पिवळी वायर त्यात खुपसायची. दोन, सुट्टा रेकॉर्डर. कॉम्प्युटरची गरजच न्हाय. तीन, जोडमशीन. एका बाजूनं कॅसेट गिळतंय, दुसऱ्या बाजूनं तबकडी देतंय. म्हशीगत.”

“ह्यातलं चांगलं कुटलं?”

“चांगली तिन्ही. वाईट कशात काय हाय ते इचारा. कार्डाचा वांदा असा, की मधीच कॉम्प्युटर अडकला तर तबकडीवर नवरा येतोय, नवरी येत न्हाय.”

“आणि रेकॉर्डर?”

“रेकॉर्डर अडकत न्हाय. लाईट जातीया.”

अमरेशनं विचार केला की कुणातरी जाणत्याला विचारावं. इथं चूक झाली. पण आमच्याकडं तिला चूक म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात. तो शेजारच्या गणपतरावांकडं गेला.

गणपतराव सहकार खात्यातून निवृत्त झालेले. दोन माणसं एका छत्रीत उभी दिसली तरी त्यांना तिथं संस्था दिसते, आणि तिसरा बाहेर भिजत असला तर विरोधी गट. त्यांनी अमरेशचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात विचारलं, “एकट्यासाठी मशीन घेणार? एकट्यासाठी?”

“अव्वाची एकच कॅसेट हाय, काका.”

“आरं मर्दा, ह्या जिल्ह्यात ऊस एकट्याचा गाळला जात न्हाय, दूध एकट्याचं तापत न्हाय, आणि तू कॅसेट एकट्याची काढणार? गल्लीत कुणाच्या घरात लग्नाची कॅसेट न्हाय सांग. सगळ्यांची बुरशी एकच हाय. मग मशीन येगळं कशाला?”

या वाक्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला त्या वेळी तिथं फक्त अमरेश, मी आणि गणपतरावांच्या सौभाग्यवती तानाबाई होतो, तरी पडल्या. त्याच बैठकीचं रूपांतर प्रवर्तकांच्या सभेत करण्यात आलं. ‘कसबा बावडा व्हिडिओ कॅसेट तबकडी रूपांतरण सहकारी संस्था (नियोजित)’ हे नाव एकमतानं ठरलं. अध्यक्ष गणपतराव. महिला राखीव जागेवर तानाबाई. अक्षर बरं आणि हाताला काम नाही, या दोन पात्रतांवर मी मानद सचिव. पहिली खरेदीही त्याच दिवशी मंजूर झाली. रबरी शिक्का.

सभासद कोण होऊ शकतो, हा पुढचा प्रश्न. बाहेरचे लोक घुसू नयेत म्हणून गणपतरावांनी पोटनियमच असा केला, की सभासदाकडं स्वतःच्या मालकीची किमान एक कॅसेट पाहिजे आणि ती भागभांडवल म्हणून संस्थेकडं जमा पाहिजे. दोड्डव्वानं आपली कॅसेट खणात गुंडाळून आणली.

“जपून ठेवा, गणपतराव. हे कोपऱ्यातलं टवकं यांनी स्वतः मोडलंय, किल्लीनं. मुनव्वर म्हणालता, हे मोडलं की मशीन वरनं काय टेपच करू देत न्हाय. म्हणून मोडलं.”

“सचिव, लिहा,” गणपतराव म्हणाले. “भांडवल किंचित मोडकं.”

“आणि मला बघायला कवा मिळंल?”

“वैनी, आता ती तुमची कॅसेट न्हाय, भागभांडवल हाय. भागभांडवल बघता येत न्हाय. त्यावर लाभांश मिळतो.”

“लाभांशात ते वाक्य येतंय काय?”

हा प्रश्न पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

निवडणूक जाहीर झाली आणि गल्लीत दोन तट पडले. कॉम्प्युटरात कार्ड बसवावं म्हणणारं ‘कार्ड पॅनेल’ आणि सुट्टा रेकॉर्डर घ्यावा म्हणणारं ‘मशीन पॅनेल’. कार्डाचं चिन्ह उपलब्ध नव्हतं, त्यामुळे कार्ड पॅनेलला कपबशी मिळाली आणि मशीन पॅनेलला विमान. ज्यांनी जन्मात कॉम्प्युटर बघितला नव्हता ते कपबशीसाठी रक्त सांडायला तयार झाले. अमरेशचं म्हणणं विमानाकडं झुकत होतं, पण त्याच्या दुकानातून खत नेणारे सगळे कपबशीचे. तो दोन्ही प्रचारफेऱ्यांत चालला, फक्त दुसऱ्या फेरीत टोपी बदलून. एका पॅनेलनं तांबडा-पांढरा रस्सा घातला, दुसऱ्यानं माळकरी आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरांसाठी झुणका-भाकरी. मतदारांनी दोन्हीकडं जेवून तटस्थता राखली.

मुनव्वर दोन्ही पॅनेलचा उमेदवार होता. विचारलं तर म्हणाला, “मी तंत्राचा माणूस. माल कुणीबी घ्या, दुकान एकच.”

मग बोगस कॅसेटींचा सुळसुळाट झाला. मत वाढवायचं तर सभासद वाढवायचा, आणि सभासद वाढवायचा तर कॅसेट पाहिजे. भंगारवाल्यांकडच्या कॅसेटी संपल्या. कोऱ्या कॅसेटी पाकिटातून काढून, थोडी माती लावून, ‘आमच्या आत्तीचं लगीन’ म्हणून जमा झाल्या. एका सभासदानं तर आत फीतच नसलेली पेटी आणली आणि लग्न साधेपणानं झालं होतं असं प्रतिज्ञापत्र दिलं. छाननी करायची, तर लावून बघायला व्हीसीआर चालू नाही. तेव्हा कॅसेट कानाशी हलवून बघायची आणि आतून लग्नासारखा आवाज आला तर वैध, असं ठरलं. कोऱ्या कॅसेटी नव्या असल्यानं फार छान वाजल्या. सगळ्या वैध.

छाननीच्या दिवशी कपबशीवाल्यांनी दोड्डव्वाच्या सभासदत्वावरच हरकत घेतली. कॅसेटीचा कोपरा मोडलेला, सबब भांडवल अपूर्ण, सबब सभासदत्व बाद. खरं म्हणजे दोड्डव्वा कुठल्याच पॅनेलची नव्हती, पण तिचं मत कुठं जाईल याचा भरवसा नव्हता, आणि भरवसा नसलेलं मत बाद करणं ही निवडणुकीतली जुनी स्वच्छता आहे.

दोड्डव्वाचा चेहरा पडला. बाद झाली तर कॅसेट परत मिळाली असती, हे तिच्या, माझ्या किंवा कुणाच्याच लक्षात आलं नाही. सहकारात बाद होणं म्हणजे केवढी नामुष्की, ते आमच्या जिल्ह्याबाहेर कळायचं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गणपतराव विरघळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम वाकवला.

“त्रुटीची पूर्तता करण्यात येत आहे,” ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं त्या मोडलेल्या कोपऱ्याच्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. वरून शिक्का मारला. “झाली का न्हाय कॅसेट पूर्ण? आता कोण बाद करतोय बघू.”

दोड्डव्वानं त्यांना नमस्कार केला.

त्यानंतर आचारसंहिता लागली. कॅसेटींवर घराण्यांची नावं होती, आणि संस्थेच्या कपाटात उमेदवारांची नावं दिसणं म्हणजे छुपा प्रचार. म्हणून सगळ्या नावांवर पांढरा कागद डकवण्यात आला. शिक्केही सगळ्यांवर सारखेच मारले. कपाट उघडलं की आत एकसारखी पांढरी फळी दिसायची, दवाखान्यासारखी. समता म्हणतात ती हीच, असं गणपतराव अभिमानानं दाखवायचे.

निकालात दोन्ही पॅनेलना सारखी मतं आणि निम्मे-निम्मे संचालक मिळाले, त्यामुळे यंत्राचा तिढा पडला. मग संचालकांनी अभ्यास दौरा काढला. पहिला मुक्काम नृसिंहवाडी. तिथं दत्ताचं दर्शन झालं, आणि बासुंदी हे दुधाचं टिकाऊ माध्यमात केलेलं रूपांतरच असल्याचं सर्वांच्या ध्यानात आलं. दुसरा दौरा मलकापूरला, ऐन आषाढात, ओलाव्याचा फितीवर काय परिणाम होतो ते बघायला. तिथं ओलावा असल्याचं आढळलं. फीत कुणीच नेली नव्हती.

“पर त्या शांतव्वाची कॅसेट कवा लावायची?” प्रत्येक सभेत तानाबाई एवढंच विचारायच्या.

“ऐनवेळच्या विषयात घेऊ,” अध्यक्ष म्हणायचे.

एकदा तो विषय ऐनवेळी खरंच आला. आणि गणपतरावांनी वेगळाच मुद्दा काढला. “ते वाक्य मराठीत हाय का कानडीत?”

दोड्डव्वा म्हणाली, “ते माझ्याशी कुटल्याच भाषेत बोलत नव्हते. मला काय ठावं?”

“तसं चालत न्हाय, वैनी. ओठ मराठीत हालत्यात का कानडीत, ह्यावर आधी ठराव पायजे. उद्या तबकडी थांबवली, आणि हिकडच्यानं एक वाचलं, तिकडच्यानं एक वाचलं, म्हंजे ह्या गल्लीत सीमाप्रश्न हुईल.”

त्यावर तीन सभा झाल्या. शेवटी दोड्डप्पा बोलायला मराठी आणि अर्थाला कानडी, अशा तोडग्यावर मिटलं. बुरशी या काळात आतल्या वेटोळ्यापर्यंत गेली. दोड्डव्वा रोज संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात, म्हणजे गणपतरावांच्या पडवीत, यायची आणि बंद कपाटासमोर थोडा वेळ बसून जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “काय न्हाय. आलते जरा भेटून जावं म्हणून.”

दिवाळीच्या तोंडावर यंत्राचा तिढा सुटला. मुनव्वरनं जोडमशीन पुढं आणलं. ते दोन्ही पॅनेलपैकी कुणीच मागितलेलं नव्हतं, हाच त्याचा सर्वात मोठा गुण ठरला. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. ठराव बिनविरोध. यंत्राला भगवा टॉवेल गुंडाळून हलगी लावून आणलं आणि उद्घाटनाची तारीख काढली.

प्रमुख पाहुणे म्हणून एक मान्यवर ठरले. त्यांचं नाव इथं लिहिलं तर दुसऱ्या मान्यवरांचा फोन येईल, म्हणून लिहीत नाही. अमरेशनं हळूच सुचवलं की उद्घाटनाचं प्रात्यक्षिक म्हणून अव्वाचीच कॅसेट लावूया.

“पहिली तबकडी पाहुण्यांची,” गणपतराव म्हणाले. “समारंभ कॅमेऱ्यावर घ्यायचा, लगेच त्याची तबकडी काढायची आणि पाहुण्यांच्या हातात ठेवायची. त्येंचं भाषण, त्येंच्याच हातात, गरम गरम! दुसरा नंबर वैनींचा.”

“मी थांबते की,” दोड्डव्वा म्हणाली. “इतकं थांबले.”

तिनं त्या दिवशी लग्नातलंच इरकली लुगडं नेसलं होतं. सगळ्यात पुढच्या खुर्चीवर, टीव्हीच्या समोर, ती सकाळपासून बसली होती. मुनव्वरनं माळ्यावरून खांद्यावरचा जुना कॅमेरा काढून आणला. कॅमेरा चालू होता, बॅटरी भरलेली होती, फक्त कॅसेट आणायची राहिली होती. पण कपाटात भांडवल भरपूर होतं, आणि त्यातलं निम्मं कोरं असल्याचं सगळ्यांनाच मनातून माहीत होतं. संचालक मंडळानं जागच्या जागी ठराव करून एक कॅसेट मुनव्वरला वापरायला दिली. पांढरा कागद, शिक्का, सगळं नियमाप्रमाणं. भोक वगैरे कुठं दिसलं नाही. मुनव्वरनं ती सवयीनं पहिल्यापासून गुंडाळली आणि कॅमेऱ्यात घातली.

पाहुणे आले, आणि फीत कापताना लाईट गेली. लोडशेडिंग. वेळापत्रकात त्या दिवशी आमच्या भागाचं नाव नव्हतं, पण पाहुण्यांच्या गावाचं होतं, बहुतेक त्यांच्याबरोबरच आलं असावं. लाईट नाही म्हणजे यंत्र नाही, यंत्र नाही म्हणजे प्रात्यक्षिक नाही. पाहुणे थोडक्यात बोलून मोकळे झाले. आता लाईट येईपर्यंत सभा धरून ठेवायची कुणी? गणपतराव उठले. आमच्याकडच्या आवाजाला माईक लागत नाही. त्यांनी सहकाराची सुरुवात मधमाशांपासून केली. मुनव्वरचा कॅमेरा बॅटरीवर चालू होता. गणपतराव मुंग्यांवर आले, लाईट नाही. वारुळावर आले, लाईट नाही. पाहुणे गेले. गणपतराव बोलत राहिले. त्यांना हातानं खुणावून खाली बसवेपर्यंत चहाची दुसरी फेरी झाली होती. ते बसले आणि लाईट आली.

कॅसेट जोडमशीनमध्ये गेली. दुसऱ्या बाजूला कोरी तबकडी. अमरेशनं बटण दाबलं आणि टीव्हीवर चित्र उमटलं. हार, नारळ, पाहुणे, मग गणपतराव. यंत्र उत्तम चाललं होतं. लोक स्वतःला पडद्यावर बघून एकमेकांना कोपर मारत होते. दोड्डव्वा हात जोडून आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेवटी पडद्यावर गणपतराव खुर्चीकडं वळले, चित्र फाटलं, मुंग्या आल्या, आणि मुंग्यांमधून एकदम मांडव दिसला. झिरमिळ्या. पिवळट उजेड. बँडचा शेवटचा सूर. उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्या बायका. त्यांच्या पलीकडं, एका पांढऱ्या सदऱ्याची पाठ, हातात तुपाचं रिकामं भांडं, मांडवाबाहेर चाललेली.

अमरेश यंत्राकडं सरकला.

“पंगत उठली म्हणायची,” दोड्डव्वा म्हणाली.

अमरेशनं झडप घालून यंत्र बंद केलं. मग घाईघाईनं तबकडी काढून पुन्हा लावली, मागं गेला, पुढं गेला, थांबवून बघितलं. थांबत होती. जिथं लग्न होतं, अक्षता होत्या, पंगत बसली होती, तिथं सगळीकडं गणपतराव तोंड उघडून, न थरथरता, थांबत होते. ओठांवरून त्यांचा प्रत्येक शब्द ओळखू येत होता. आवाजही स्पष्ट होता.

मुनव्वरनं कॅसेट हातात घेतली. कोपऱ्यावरची चिकटपट्टी नखानं सोलली आणि खालच्या भोकाकडं बघत राहिला. “टवकं मोडलेल्या कॅसेटीवर मशीन टेप करत न्हाय,” तो पुटपुटला. “पर भोक बुजवलं की करतंय. हे बुजवलं कुणी?”

गणपतराव उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. “वैनी,” ते म्हणाले, “मी लेखी दिलगिरी देतो. मंडळाच्या पत्रावर.”

“राहू दे, गणपतराव,” दोड्डव्वा म्हणाली. “तुमी लई बोललासा. त्यांचं एकच वाक्य हुतं.”

तिनं पदर सारखा केला आणि ती घरी गेली. गणपतरावांना त्या दिवसापासून सभेत बोलताना मध्येच थांबायची सवय लागली आहे. लोक त्याला त्यांची नवी शैली म्हणतात.

चौकशी समिती नेमली गेली. भागभांडवलाचा विनियोग संस्थेच्या उद्दिष्टांसाठी, सभासदांच्या समक्ष, ठरावानुसार झाल्यानं कुणीही दोषी नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. कुणीही दोषी नसल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन करण्यात आलं.

एवढ्यात मुनव्वरला आठवलं, की त्या लग्नाच्या त्यानं आणखी चार-पाच प्रती काढून दिल्या होत्या. आम्ही शोध घेतला. एक प्रत दानेश्वरीच्या सासरी निपाणीला, तिच्यावर क्रिकेटचा सामना. सामनाही आपण हरलेला. बाकीच्या प्रती कुणी ना कुणी “दोन दिवसांत बघून देतो” म्हणून नेल्या, नेणाऱ्यांकडून दुसऱ्यांनी नेल्या, दुसऱ्यांकडून तिसऱ्यांनी. विचारलं की सगळे म्हणतात, “आमच्याकडं? छे. आम्ही तवाच परत दिलती.” सबब संस्थेच्या वतीनं खालील निवेदन प्रसिद्ध करण्यात येत आहे.

जाहीर निवेदन. तमाम वाचकांस कळविण्यात येते की, आपल्या लोखंडी कपाटावर मागच्या बाजूला एक कापडी पिशवी आहे. आपण ती उतरवून पाहावी. तिच्यात आपल्या नसलेल्या लग्नाची कॅसेट आढळल्यास, आणि तिच्यावर आपण अद्याप काही टेप केलेलं नसल्यास, ती सदर कार्यालयात कामकाजाच्या वेळेत आणून द्यावी. परत करण्यास इतका उशीर का झाला, असं विचारलं जाणार नाही. कॅसेट परत करणं प्रतिष्ठेच्या कारणास्तव शक्य नसल्यास, आपण ती एकदा तरी बघितलेली असणारच. तरी पंगतीत तूप वाढता वाढता थांबलेला तो मनुष्य ‘शांता, तू’ याच्या पुढं काय म्हणाला, तेवढं साध्या कागदावर, कोणत्याही भाषेत, आपल्या नावाशिवाय लिहून कळवावं, ही नम्र विनंती. अर्जदार हयात आहे. पोच दिली जाईल.